बंदरवाल्यांचं पाणी

मुलुंडच्या कारखान्याला टाळं लागून अकरा महिने झाले होते, तेव्हा भीमराजला सिनेमात काम मिळालं. काम म्हणजे काय, तर मार द्यायचा आणि मार खायचा.

घाटकोपर पूर्वेच्या वस्तीत भीमराजच्या काठीला नाव होतं. जयंतीच्या मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असायचा. काठी त्याला बापाने शिकवली होती, आणि बाप साताऱ्याकडून मुंबईत आला तेव्हा चळवळीतल्या दलाच्या कवायतीत शिकला होता. छत्तिशी उलटली तरी भीमराजचं मनगट असं फिरायचं, की काठी दिसायची नाही, नुसता वारा ऐकू यायचा. जानेवारी महिन्यात जयवंत नावाचा एक सहायक दिग्दर्शक वस्तीत विचारत आला, "इकडे काठी खेळणारी माणसं कुठे भेटतील?" तेव्हा चहावाल्याने बसल्या जागेवरून भीमराजच्या दाराकडे बोट दाखवलं.

जयवंत अंधेरीचा, तिशीतला, खांद्याला शबनम, बोलायला गोड. त्याने सांगितलं की हा नेहमीसारखा मारामारीचा सिनेमा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईची गोष्ट आहे. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर गल्लीगल्लीत टोळ्या पोसल्या जात होत्या. एक टोळी कापसाच्या वखारींवरची, दुसरी बंदरावरची. शेवटी दोघी एका गल्लीत एकमेकींना कापून काढतात.

"साहेबांना नेहमीचे फायटर नकोत," जयवंत म्हणाला. "ते सगळ्या पिक्चरमध्ये दिसतात. साहेबांना खरे चेहरे हवेत. राबलेले."

"ते इथे भरपूर आहेत," भीमराज म्हणाला.

कमलने, त्याच्या बायकोने, आतून विचारलं, "जेवण देतात का तिथे?"

"दोन वेळचं, वहिनी," जयवंत म्हणाला.

मग आणखी बोलणं झालंच नाही. भीमराजबरोबर वस्तीतले बावीस जण निघाले. त्यात शेजारचा रतनही होता, त्याच कारखान्यात त्याच खात्यात असलेला. सकाळी सातला टेम्पो यायचा आणि पवईच्या रस्त्याने त्यांना आरे कॉलनीत नेऊन सोडायचा.

तिथे झाडी तोडून सपाट केलेल्या जागेवर एक अख्खी गल्ली उभी केली होती. समोरून बघावं तर दगडी वखारी, लाकडी सज्जे, तेलाचे दिवे, आणि मागे जावं तर नुसते वासे आणि प्लायवूड. वाऱ्याबरोबर तबेल्यांचा वास यायचा. रतन म्हणाला, "सेटपेक्षा हा वासच जुन्या मुंबईचा वाटतो."

भीमराजची माणसं झाली वखारवाले. बंदरवाले म्हणून जयवंतने खारदांड्याचे कोळी आणले होते, तेही वीस-बावीस. त्यांचा म्होरक्या तुळशीदास. वय चाळीस-बेचाळीस, छाती दाराएवढी, बोटं दोरखंडाने सोलून सोलून लाकडासारखी झालेली. त्याची बोट इंजिन बिघडून किनाऱ्यावर पडली होती आणि दुरुस्त होईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तो आला होता. दर्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण काठी हातात दिली की तो वल्हं मारल्यासारखी मारायचा.

फाइट मास्टरने तिसऱ्याच दिवशी डोक्याला हात लावला. "याला कोणीतरी शिकवा रे!"

भीमराजने शिकवलं. दुपारच्या सुट्टीत, गुलमोहराखाली, रोज अर्धा तास. "खांदा सोडा, तुळशीदादा. जोर मनगटात ठेवायचा."

"मनगटात जोर हाय रं," तुळशीदास म्हणायचा, "अक्कल नाय."

आणि दोघे हसायचे. चौथ्या दिवसापासून तुळशीदास डब्यातून सुक्या बोंबलाची चटणी आणू लागला. त्याची बायको मथुरा बाजारात मासळी विकायची. शिकवणाऱ्याला चटणी नेऊन दे, असा तिचाच निरोप होता. वखारवाले आणि बंदरवाले एकाच झाडाखाली बसायचे, एकाच पिंपातलं पाणी प्यायचे. बंदरवाल्यांतला धाकू नाकात बोलून फाइट मास्टरची नक्कल करायचा, तेव्हा चाळीस माणसं पोट धरून हसायची.

दिग्दर्शक साहेब हे सगळं लांबून बघत होते. उंच, बारीक, कमी बोलणारा माणूस. आठवडाभराने त्यांनी शूट केलेला तुकडा पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं. रतन तेव्हा जवळच दिव्याची वायर धरून उभा होता, म्हणून त्याने ऐकलं. साहेब जयवंतला म्हणाले, "ये लोग लड़ नहीं रहे हैं, खेल रहे हैं. नफ़रत कहाँ है? मुझे आँखों में नफ़रत चाहिए."

दुसऱ्या दिवसापासून दोन तंबू झाले आणि दोन जेवणावळी. सकाळच्या झटापटीत ज्या टोळीचं काम साहेबांना आवडेल तिला आधी मटण आणि भात. उरलेलं, उरलं तर, दुसऱ्या टोळीला. पिंपंही दोन झाली, एकावर खडूने 'वखार' लिहिलं, दुसऱ्यावर 'बंदर'. एकमेकांच्या तंबूत जायचं नाही, सुट्टीत बोलायचं नाही.

"फक्त शूटिंगपुरतं," जयवंतने भीमराजच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं. "नंतर काय ते गळ्यात पडा."

पहिले दोन दिवस सगळे या नियमांना हसले. तिसऱ्या दिवशी बंदरवाल्यांनी मटण खाल्लं आणि वखारवाल्यांच्या वाटणीला नुसता रस्सा आला, तेव्हा हसू जरा कमी झालं. मग धाकूने एका वखारवाल्याला सेटवरच्या कापसाच्या गाडीवरून ढकललं. ते मास्टरने सांगितल्यापेक्षा जोरात होतं. दुसऱ्या दिवशी त्याची परतफेड झाली. आणि मधूनमधून जयवंत यायचा, सिगारेट पेटवायचा, सहज बोलल्यासारखं बोलायचा. "भीमराज, मनावर घेऊ नको हां, पण बंदरवाले म्हणतात तुमची काठी मिरवणुकीतली. बायकापोरांपुढे नाचवायची. खरी मारामारी कधी केली आहे का, असं विचारत होते."

"कोण म्हणालं?"

"आता नावं कशाला घेऊ?"

भीमराज कारखान्यात बारा वर्षं काढलेला माणूस. साहेब लोक दोन पाळ्यांमध्ये भांडण कसं लावतात हे त्याने पाहिलं होतं. हा माणूस आपल्याला पेटवतो आहे, हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून लागत नाही असं थोडंच आहे? रात्री अंथरुणावर पडल्यावर मिरवणुकीचं ते वाक्य त्याच्या कानात पुन्हा पुन्हा यायचं. तुळशीदास गुलमोहराकडे येईनासा झाला होता. चटणी बंद झाली होती. समोरून जाताना तुळशीदास खाली बघायचा, आणि भीमराजला वाटायचं, म्हणजे बोललाच असणार हा.

मार्च उजाडला. गल्लीतल्या शेवटच्या मोठ्या मारामारीचा दिवस ठरला. सकाळी आठपासून ऊन असं तापलं, की प्लायवूडच्या भिंती हाताला चटके देऊ लागल्या. सगळ्यांच्या अंगावर जाडेभरडे अंगरखे, डोक्याला मुंडासं, तोंडाला काळं. अकराच्या सुमारास वखारवाल्यांचं पिंप खडखडीत झालं. टँकर आलेला नाही, असं कोणीतरी सांगितलं. साडेबाराला रतन खाली बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "भीमा, चक्कर येते रे."

भीमराजने पत्र्याचा मग उचलला आणि तो बंदरवाल्यांच्या तंबूकडे गेला. त्यांच्या पिंपाजवळ तुळशीदास स्टुलावर बसला होता. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, वर ओलं फडकं टाकलेलं.

"दादा, रतनला चक्कर आली आहे. एक मग पाणी घेतो."

तुळशीदास उठून पिंपाच्या पुढे उभा राहिला. त्याने भीमराजकडे पाहिलं नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"हे आमचं हाय. तुमचं तिकडं."

"तिकडचं संपलंय."

"हात लावू नको," तुळशीदास म्हणाला. "जा."

तंबूतले सगळे कोळी बघत होते. भीमराज रिकामा मग घेऊन तसाच उभा राहिला. किती वेळ उभा होता ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही.

त्याच्या बापाने गावची एक गोष्ट आयुष्यात एकदाच सांगितली होती. विहिरीच्या पायऱ्यांपाशी भांडं घेऊन उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतणार. नाही आली तर सूर्य मावळेपर्यंत उभं. बाप ते सांगून झाल्यावर उठून बाहेर गेला होता. भीमराजचा जन्म मुंबईतला. पाण्यासाठी तो असा कधी उभा राहिला नव्हता. आज राहिला.

तो परत आला. रतनला कोणीतरी तोवर बर्फाचा तुकडा चोखायला दिला होता, दिव्यांच्या माणसांकडून मागून आणलेला.

"काय झालं?" रतनने विचारलं.

"नाही म्हणाला. हात लावू नको म्हणाला."

रतनने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. "भीमा, तसं नसेल रे. जयवंतचा खेळ आहे हा."

"पाण्याचा खेळ नसतो," भीमराज म्हणाला.

दुपारी तीनला शॉट लागला. आधी लांबून घ्यायचा होता. दोन्ही टोळ्या गल्लीच्या दोन टोकांना उभ्या, काठ्या जमिनीवर आपटत. त्या शॉटला खऱ्या काठ्या होत्या, भरीव बांबूच्या, कारण आवाज खरा हवा होता. तो झाला की त्या काठ्या मागे ढिगात टाकायच्या आणि मारामारीच्या हलक्या काठ्या घ्यायच्या. त्या आतून पोकळ, वरून चिंध्या गुंडाळून रंगवलेल्या. अंगावर बसल्या तरी फार तर वळ उठेल, एवढंच.

पहिला शॉट झाला. माणसं काठ्या बदलायला धावली. गर्दी होती, धूर सोडला होता, मास्टर ओरडत होता. भीमराज ढिगापर्यंत गेला आणि हातातली काठी न टाकता परत फिरला. त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. ठरवलं नव्हतं असंही म्हणता येणार नाही. हाताला वजन कळत होतं. बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्या हाताला काठीचं वजन कळत होतं.

"अॅक्शन!"

जोड्या आधीच लावलेल्या होत्या. भीमराजसमोर तुळशीदास. चार फटके बसवून घेतलेले: पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा डोक्यावर, तेव्हा तुळशीदासने काठी आडवी धरून अडवायचा. चौथा फटका हातावर आल्यासारखा दाखवायचा, पण वीतभर अलीकडे थांबवायचा. हा चौथा भीमराजनेच शिकवला होता. "तुम्ही नुसता हात तसाच ठेवा, दादा. थांबवायचं काम माझं."

पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तुळशीदासच्या काठीचे दोन तुकडे झाले. त्याच्या डोळ्यांत एक क्षणभर आश्चर्य आलं. तरीही त्याने शिकवल्याप्रमाणे उजवा हात तसाच ठेवला.

भीमराजने थांबवला नाही.

ओला वासा मोडावा तसा आवाज आला. तुळशीदासने हाताकडे बघितलं नाही, आधी भीमराजकडे बघितलं, आणि मग तो ओरडला. आजूबाजूला चाळीस माणसं खोटं ओरडत होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. तो गुडघ्यावर बसला. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. कॅमेरा पुढे आला, आणखी पुढे आला. भीमराज काठी धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"कट!" साहेबांचा आवाज आला. मग क्षणभराने, जवळजवळ कुजबुजत, "ओके. दूसरा नहीं चाहिए."

मग धावपळ झाली. मथुराचं नाव घेत तुळशीदास विव्हळत होता. धाकू आणि दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. त्या गोंधळात भीमराजने काठी ढिगात टाकली. मास्टर तिथेच उभा होता. त्याने काठीकडे बघितलं, भीमराजकडे बघितलं आणि मान फिरवली. "होता है. फाइट में लगता है," तो कोणाला उद्देशून न बोलता बोलला. मास्टरला स्वतःवर ठपका नको होता, जयवंतलाही नको होता, साहेबांना शॉट मिळाला होता. सगळ्यांच्या सोयीने तो अपघात ठरला.

टेम्पोत परतताना रतन त्याच्या शेजारी बसला होता. पवईचा चढ आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "काठी भरीव होती ना?"

भीमराज मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिला. रतनने पुन्हा विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं.

भीमराज दुसऱ्या दिवशी कामावर गेला. जाणार नव्हता. पण सकाळी कमलने डबा न भरता नुसती पिशवी दिली, कारण तिकडे जेवण मिळतं म्हणून घरी कमी शिजवायची सवय झाली होती, आणि टेम्पो दारात हॉर्न वाजवत होता. सेटवर साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याशी हात मिळवला. त्याच्या भूमिकेला आता नाव मिळालं, भैरू. दोन वाक्यंही मिळाली. तुळशीदासच्या जागी धाकूला त्याचाच अंगरखा घालून, तोंडाला चिखल फासून जमिनीवर झोपवलं. भैरूने पडलेल्या शत्रूला पाय धरून गल्लीतून फरफटत न्यायचं होतं.

भीमराजने पाय धरले. धाकू खालून म्हणाला, "हळू रं."

"लागतंय?"

"मना नाय लागत." धाकू आभाळाकडे बघत होता. "तुळशीला अंधेरीच्या दवाखान्यात ठेवलाय. डाक्टर बोलतो, हाडाचा चुरा झालाय. दोर वढायचा हात रं त्याचा."

"रोल कॅमेरा!"

भीमराजने त्याला फरफटत नेलं. तीन वेळा नेलं, कारण पहिल्या दोन वेळा साहेबांना तो हळू वाटला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शूटिंग संपलं. गल्ली मोडली, प्लायवूड ट्रकमध्ये गेलं. भीमराज रोज ठरवायचा की रविवारी खारदांड्याला जाऊन यायचं. रविवार यायचे आणि जायचे. मध्येच त्याला मुलुंडला एका नव्या इमारतीवर वॉचमनचं काम लागलं आणि मग सांगायला कारण झालं, रविवारची ड्युटी असते. कमलला त्याने एवढंच सांगितलं होतं की एका कोळ्याचा हात मोडला. ती अधूनमधून विचारायची, "बरा झाला का हो तो?" आणि तो म्हणायचा, "झाला असेल."

सिनेमा दिवाळीनंतर लागला. वस्तीतली तीस-चाळीस माणसं एकदम बघायला निघाली, आपली माणसं पडद्यावर बघायला. भीमराज नको म्हणत होता. कमल म्हणाली, "सगळा शेजार चाललाय आणि तुम्हीच नाही? लोक काय म्हणतील?"

तो अंधारात बसला. मारामारी शेवटी होती. गल्ली एवढी खरी दिसत होती, की तिच्या मागे वासे होते हे त्यालाही क्षणभर खोटं वाटलं. मग धुरातून तो स्वतः आला. पहिला फटका, दुसरा, तिसरा. चौथ्याला तुळशीदासचा चेहरा सगळ्या पडद्यावर पसरला आणि तो ओरडला. थिएटरात शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतला कोणीतरी उभा राहून ओरडला, "मार साल्याला!" आणि वस्तीतली माणसं त्याच्या पाठीवर थापा मारू लागली, "भीमराज, झकास! काय मारलाय रे!"

पडद्यावर तुळशीदास त्याच्याकडेच बघत होता. विचारल्यासारखा बघत होता.

कमलने टाळी वाजवली नव्हती. बाहेर आल्यावर ती बाकीच्यांच्या मागे राहिली. मग म्हणाली, "तो माणूस खोटं ओरडला नाही."

"नाही."

"तुम्ही भेटून आलात का त्याला?"

"नाही."

"उद्या जा," ती म्हणाली.

खारदांड्याला तो दुपारी पोचला. बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत होते, बायका टोपल्या धूत होत्या. तुळशीदासचं घर विचारावं लागलं नाही. तो ओट्यावर बसूनच होता. समोर जाळं पसरलेलं, डाव्या हातात सुई. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, बोटं आत वळलेली. जाळ्याची गाठ दातात धरून तो डाव्या हाताने ओढत होता. वर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. खरोखरच खुलला.

"अरे, मास्तर! ये, ये. मथुरे, बघ कोन आयलंय. काठीवाला."

मथुरा आतून आली. ठेंगणी, ताठ, डोळे थकलेले. तिने पाण्याचा तांब्या आणून भीमराजच्या हातात दिला. तो हातात घेऊन भीमराज बसून राहिला.

"पी की," तुळशीदास म्हणाला. मग थांबला. "त्या दिसाचं मनात हाय का तुझ्या? पान्याचं?"

भीमराजने होकाराची मान हलवली.

"मना जयवंतने सांगितलेलं, त्यांच्यातल्या एकाला जरी पानी दिलंस, तर तुझी सगळी मानसा उद्यापासून घरी. बावीस घरं रं माझ्या जिवावर आलेली. तुमचं पिंप त्या दिशी मुद्दाम भरलं नव्हतं, ते नंतर कळलं मना. तुझ्याकडं बघायची लाज वाटली, म्हणून बघितलं नाय."

"मला वेगळं वाटलं," भीमराज म्हणाला.

"वेगळं म्हंजे?"

भीमराजने हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तुळशीदासची नजरही तांब्यावर गेली आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने सुई खाली ठेवली.

"नाय रं," तो हळू म्हणाला. "ते माझ्या मनात पन नव्हतं." मग दाराकडे बघत, "माझी आजी तसं करायची. तुमच्यातलं कोनी दारात आलं तर पानी वरून वतायची. खोटं कशाला बोलू? मी पोर होतो, बघायचो. म्हनून तुना तसं वाटलं असेल तर तुझी चूक नाय."

त्याने समजून घेतलं, आणि ते भीमराजला सोसवेना. तो म्हणाला, "तुळशीदादा, काठी खरी होती."

"कुठली?"

"तुमच्या हातावर मारली ती. मी बदलली नाही. मला ठाऊक होतं."

मथुरा दारात उभी होती. वलांडीवरून एक कावळा बोंबील घेऊन उडाला आणि शेजारची बाई त्याला शिव्या घालत धावली. ती शांत होईपर्यंत तुळशीदास तिकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि दुसऱ्या मांडीवर ठेवला.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "आठ महिने मी सगळ्यांना सांगत आलो, चुकून लागलं, चांगला मानूस हाय तो, त्यानंच मना शिकवलेली काठी. ते सांगितलं की मना बरं वाटायचं. हात गेला तर गेला, पन कोनी घालवला नाय." त्याने सुई परत उचलली. "आता मी काय सांगू लोकांना?"

"खरं सांगा," भीमराज म्हणाला.

"खरं सांगून बोट चालते का रं माझी? इकली ती. श्रावनात इकली."

भीमराजने हात जोडले. तुळशीदासने तोंड जाळ्याकडे फिरवलं आणि दातात गाठ धरायचा प्रयत्न केला, पण गाठ सुटत होती.

मथुरा पुढे आली. तिने भीमराजच्या हातातला तांब्या घेतला. तो अजून भरलेला होता. मग ती त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली, जिथून बस दिसते तिथपर्यंत.

"परत येऊ नको," ती म्हणाली.

"वहिनी, मी काही ना काही..."

"तू आलास तर तो तुना माफ करेल. आज नाय तर म्हैन्याने. मानूसच तसा हाय." तिने तांब्या कडेवर धरला. "माज्या घरात मना ते बघायचं नाय. सकाळी उठून त्याच्या अंगात कुडता मी घालते, तू नाय."

बस आली. भीमराज चढला. खिडकीतून मागे बघितलं तेव्हा ती तिथेच उभी होती, बस हलेपर्यंत, तो खरंच गेला याची खात्री करून घेत.